व्हल्कनाइटचं स्टेम हिरवट पडलं तर

कोल्हापूरच्या पावसाळ्यात तंबाखूच्या पाइपचं काळं स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, हिरवट-पिवळं पडतं आणि तोंडाला कडवट लागतं. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेड आणि ओलाव्यानं त्याचा वरचा थर ऑक्सिडाइज होतो.

पाइप पूर्ण गार झाल्यावरच स्टेम फिरवत काढा, गरम असताना टेनन, म्हणजे लाकडात बसणारं टोक, मोडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेले पाइप क्लीनर आतून फिरवा, स्वच्छ निघेपर्यंत. ॲक्रिलिकच्या स्टेमला मात्र अल्कोहोल नको, बारीक तडे जातात.

मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासह घासायचा सँडपेपर, कायम ओला. ६०० नंबरनं हिरवटपणा पार काढा, नंतर १०००, १५००, २०००. घाई इथंच नडते! ६०० चे ओरखडे १००० नं गेले नाहीत, तर पॉलिशनंतर ते लख्ख दिसतात. म्हणून प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला. लाकडाला टेकणारी कड घासू नका. ती गोलावली की सांध्यात फट दिसते. तिथं प्लास्टिकची चकती अडकवा.

गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागिराकडून बफ (चाकावर पॉलिश) करून घेणार असाल, तर वेग कमी ठेवायला सांगा. चांदीला चालणाऱ्या वेगानं रबर तापतं, दातात धरायची कड झिजते. नुसतं तेल चोळलं तर चमक येते, पण खालचा थर तसाच राहतो. शेवटी कार्नोबा मेणाचा पातळ हात द्या.