तुम्ही विचारलेत म्हणून: आधी छेदाचे अवयव कशासाठी?

तिरकस गुणाकाराने, म्हणजे प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने आणि छेदाला छेदाने गुणून, झटपट होणाऱ्या बैजिक अपूर्णांकांच्या वजाबाकीत मी आधी छेदांचे अवयव पाडायला का लावते, असे नौपाड्यातल्या माझ्या शिकवणीला मुलांना सोडायला येणारे पालक वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. ‘पुढे उपयोगी पडते’ हे माझे नेहमीचे उत्तर अपुरे आहे.

तिरकस गुणाकार चुकीचा आहे, असे मी कधीच म्हटलेले नाही. १/क्ष आणि १/(क्ष + १) यांच्या छेदांत सामाईक अवयवच नसल्यामुळे तिथे दोन्ही रीती एकच ठरतात. अवयव पाडून मिळणारा छेदांचा लसावि, म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान राशी, सामाईक छेद म्हणून घेणे हा माझा हट्टही नव्हे, इ. स. ८५० च्या सुमारास गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अपूर्णांकांसाठी तोच वापरला आहे.

एका संध्याकाळी एका मुलीचे वडील तिची वही घेऊन वर्गात आले. ५/(क्ष² + क्ष − ६) − ४/(क्ष² − ४) या एका उदाहरणाला पाऊण पान कशाला, असा जाब विचारून त्यांनी तिला सगळ्या मुलांदेखत ते तिरकस गुणाकाराने सोडवायला बसवले. तिने अंशात ५(क्ष² − ४) − ४(क्ष² + क्ष − ६) मांडले, पण कंस सोडवताना शेवटच्या पदाचे चिन्ह बदलायचे राहिले आणि अंश क्ष² − ४क्ष − ४४ झाला. मी क्ष = ३ ठेवून ताळा घ्यायला सांगितले. मूळ उदाहरण ५/६ − ४/५ म्हणजे १/३० होते. तिचे उत्तर उणे ४७/३० आले. मोठ्यातून लहान वजा केल्यावर ऋण संख्या येणार नाही, हे ओळखून तिने अंश क्ष² − ४क्ष + ४ असा सुधारला, पण खाली क्ष⁴ + क्ष³ − १०क्ष² − ४क्ष + २४ असा छेद पसरला होता आणि त्यात (क्ष − २) दोनदा दडलेला आहे हे तिला दिसेना. तिच्याच वहीत छेद (क्ष − २)(क्ष + २)(क्ष + ३), अंश ५(क्ष + २) − ४(क्ष + ३) म्हणजे नुसता क्ष − २, आणि उत्तर १/((क्ष + २)(क्ष + ३)) असे नीट लिहिलेले होते. ती रडू लागली. पुढच्या महिन्यापासून ती आली नाही.

तिची चूक सर्वांसमोर उघडी पाडायला नको होती, असे एका शिक्षिकेने मला नंतर सुनावले. मला ते अजून पटलेले नाही; ताळा घेणे म्हणजे अपमान नव्हे. क्ष = २ असताना मूळ उदाहरणालाच अर्थ उरत नाही, आणि अंतिम उत्तरात त्याची खूणही राहत नाही; ती अट फक्त अवयवांच्या ओळीत दिसते.

तरीही, शिकवणी सुरू केली तेव्हा मी तिरकस गुणाकारच शिकवत असे, आणि ज्याला अवयवच पाडता येत नाहीत त्याने वेळ लावलेल्या पेपरात काय करायचे, हा माझा तेव्हाचा प्रश्न मला आजही खोडून काढता येत नाही. अशा मुलाला मी तिरकस गुणाकार करू देते. छेदांचा गुणाकार मात्र विस्तारून लिहू देत नाही.