हळदीघाट : खिंडीपासून रक्ततलाईपर्यंत

उदयपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांमध्ये हळदीघाट आहे. १८ जून १५७६ रोजी मेवाडचे महाराणा प्रताप आणि अकबराचा सेनापती, आमेरचा कुंवर मानसिंह यांच्या सैन्यांची येथे गाठ पडली. लढाईला खिंडीचे नाव मिळाल्यामुळे सगळी झुंज खिंडीतच झाली असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात निकराचे युद्ध खिंडीबाहेर, खमनोर गावाजवळच्या सपाटीवर झाले. म्हणून मी खिंडीपासून सुरुवात करून, प्रतापांचे सैन्य ज्या दिशेने उतरले त्याच दिशेने जायचे ठरवले.

खिंडीतून आता गाडीरस्ता जातो, पण जुन्या वाटेची चिंचोळी घळ अजून ओळखता येते. तिथली दरड पिवळी आहे. माती बोटांत चोळली की तिचा भुगा होतो आणि बोटांवर पिवळट डाग राहतो. दोन्ही अंगांना झुडपांनी भरलेले चढ आहेत. या वाटेने मोठे घोडदळ एका वेळी पुढे नेणे किती अवघड असेल, आणि त्याच वेळी या चढांवर दबा धरून बसलेल्या भिल्ल तिरंदाजांना ही जागा किती सोयीची असेल, हे तिथे उभे राहिल्यावर लगेच ध्यानात येते.

खिंड संपल्यावर जमीन हळूहळू पसरत जाते आणि खमनोरजवळ रक्ततलाई, म्हणजे निकराच्या युद्धाची ती सपाटी, लागते. मुघलांची छावणी जवळच, बनास नदीकाठच्या मोलेला गावाजवळ होती. प्रतापांचा पहिला हल्ला इतका जबर होता की मुघलांची आघाडी मोडली आणि पळणारे लोक नदी ओलांडूनही थांबले नाहीत, असे त्या दिवशी मुघल सैन्यात हजर असलेल्या बदायूनी या इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. मुघलांच्या बाजूने लढणारे बारहाचे सय्यद मात्र पाय रोवून राहिले. पुढे मुघल सरदार मिहतर खानाने खुद्द बादशाह येत असल्याची हूल उठवली, पळणारे माघारी फिरले आणि पारडे फिरले.

रक्ततलाईवर मी सर्वाधिक वेळ रेंगाळलो. ग्वाल्हेरचे राजे रामशाह तंवर आपल्या मुलांसह येथे पडले; त्यांच्या आणि त्यांचा पुत्र शालिवाहन याच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्र्या येथे उभ्या आहेत. महाराणांचे राजचिन्ह स्वतःकडे घेऊन शत्रूला आपल्यावर ओढून घेणाऱ्या झाला मान यांचे स्मारक येथेच आहे आणि प्रतापांच्या आघाडीचे नेतृत्व करणाऱ्या हकीम खान सूर या अफगाण सरदाराची मजारही येथेच आहे. समोरच्या बाजूला मानसिंहासह कित्येक राजपूत होते. बदायूनी सांगतो की आपले राजपूत कोणते आणि शत्रूचे कोणते हेच त्याला कळेना, म्हणून बाण कुठे सोडावेत हे त्याला विचारावे लागले. या लढाईला दोन धर्मांचा सरळ सामना म्हणणाऱ्यांनी या जागी थोडा वेळ घालवावा, असे मला मनापासून वाटते.

महाराणांचा घोडा चेतक याची समाधी बलीचा गावाजवळ, म्हणजे खिंडीच्या पलीकडे आहे. मानसिंहाच्या हत्तीवर झेप घेताना चेतकचा पाय जखमी झाला, तरी ओढा ओलांडून त्याने महाराणांना सुखरूप नेले आणि मग प्राण सोडला, असे मेवाडची परंपरा सांगते. रक्ततलाईहून तिथे जाताना तीच खिंड पुन्हा ओलांडावी लागते आणि माघारीची वाट किती बिकट असेल, हे उमगते.

मी गेलो ते थंडीचे दिवस होते. लढाईच्या दिवशी मात्र कवटीत मेंदू उकळावा असे ऊन होते, असे बदायूनी लिहितो. थकलेले मुघल सैन्य डोंगरातल्या दग्याफटक्याच्या भीतीने पाठलागावर गेले नाही. मैदान मानसिंहाच्या हाती राहिले, पण महाराणा निसटले. नंतर मेवाडमधल्याच गोगुंदा गावी पोहोचलेल्या मुघलांनी अचानक छाप्याच्या धास्तीने गावाभोवती खंदक खणला आणि घोडेस्वाराला उडी मारून आत येता येणार नाही एवढ्या उंचीची भिंत घातली. धान्य मिळेना, तेव्हा मांस आणि तिथले आंबे खाऊन त्यांना दिवस काढावे लागले. हळदीघाट पाहायला जाणाऱ्यांनी वेळ काढून गोगुंद्यापर्यंत जरूर जावे, कारण १८ जूनला सुरू झालेला हा संघर्ष त्या दिवशी संपला नव्हता. पुढे १५८२ मध्ये दिवेरला प्रतापांनी मुघलांचे ठाणे उधळले.