तुम्ही विचारलंत म्हणून: मिझुकींची भुतं घाबरवत का नाहीत?

माझ्याकडून जपानी चित्रकथाकार शिगेरू मिझुकींचं पुस्तक वाचायला नेणारे परत देताना हमखास विचारतात, ‘भुतांचं म्हणून दिलंत, पण भीती कुठे वाटते? एवढं काय आहे यात?’ तोंडी सांगायला गेले की मी दरवेळी भलतीकडेच वाहवत जाते. म्हणून हे एकदाचं लिहून टाकते.

भीती वाटत नाही, हे कबूल. त्यांचा सर्वांत गाजलेला नायक कितारो. स्मशानात जन्मलेला, एका डोळ्याचा पोरगा, अंगात पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट, पायात खडावा. बाप मेला, पण पोराच्या काळजीपोटी त्याचा एक डोळा तेवढा मागे राहिला आणि त्या डोळ्याला हातपाय फुटले. हे वडील कितारोच्या केसांत बसून सल्ले देतात, आणि फावल्या वेळात वाटीभर गरम पाण्यात निवांत अंघोळ करतात. सोबतीला उंदीरमाणूस. घाणेरडा, लोभी, चार पैशांसाठी मित्राला विकून पुन्हा त्याच्याच दारात येऊन बसणारा. मला विचाराल तर सगळ्या मालिकेत सर्वांत खरा माणूस तोच.

कितारोचं बीज मिझुकींच्या आधीचं, १९३०च्या दशकातल्या कामिशिबाईमधलं. गल्लीत सायकल लावून, चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवत पोरांना गोष्ट सांगायची, तो हा खेळ. युद्धानंतर मिझुकींनी पोटासाठी असले पुठ्ठे रंगवले, मग भाड्यानं वाचायला मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांसाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढल्या. १९६५ मध्ये कितारो मोठ्या खपाच्या साप्ताहिकात आला आणि १९६८ मध्ये टीव्हीवर. टीव्हीवर जाण्याआधी शीर्षकातलं ‘स्मशान’ मात्र गाळावं लागलं.

आता त्या भुतांकडे येते. जपानीत त्यांना योकाई म्हणतात. त्यातल्या काहींची चित्रं अठराव्या शतकातल्या तोरियामा सेकिएन यांनी काढून ठेवली होती, ती मिझुकींनी सरळ उचलली. पण बऱ्याच योकाईंना नुसतं नाव होतं, रूप नव्हतं. लोकसाहित्याचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी गावोगावच्या ज्या समजुती गोळा केल्या, त्यात नुरिकाबे आहे. रात्री वाटेनं चालताना समोर न दिसणारी भिंत उभी राहते, पाऊल पुढे पडत नाही. काठीनं तिच्या बुडाशी फटकारलं की ती नाहीशी होते. बस, एवढीच माहिती. आपल्या कोकणात चकवा लागतो. तो लागलेले लोक भेटतील, पण तो दिसतो कसा हे कुणी सांगेल का? मिझुकींनी नुरिकाबेला मिणमिणते डोळे आणि आखूड हातपाय दिले, आणि आज जपानी मुलाला नुरिकाबे काढायला सांगा, ते हीच भिंत काढतं. बेतोबेतो-सानचंही तसंच. रात्री मागून पावलं वाजतात, वळून बघावं तर कोणी नाही. अशा वेळी बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, ‘बेतोबेतो-सान, तुम्ही व्हा पुढे.’ मिझुकींचा बेतोबेतो-सान म्हणजे एक गोल गरगरीत अंग, दोन पाय आणि कानापासून कानापर्यंत हसू. त्याला कोण घाबरणार?

हे सगळं त्यांना पोरवयात मिळालं. तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावात ते वाढले. तिथे घरी येणारी एक म्हातारी होती, तिला सगळे नोननोनबा म्हणत. छतावरचे डाग दाखवून ती सांगायची की रात्री छत चाटणारा येतो, हे त्याच्या जिभेचे डाग. या म्हातारीवरच्या त्यांच्या पुस्तकाला २००७ मध्ये फ्रान्समधल्या आँगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला.

चित्रं बघताना मात्र माणसं सोडून आधी मागची झाडं बघा. एकेक पान, गवताची काडी, कौलावरचं शेवाळ, सगळं ठिपक्याठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेलं. छायाचित्र म्हणून खपेल इतकं. त्यांच्या हाताखाली योशिहारू त्सुगे, र्‍योइची इकेगामी यांच्यासारखे पुढे स्वतः नावाजलेले चित्रकार राबले, ते उगाच नाही. आणि या घनदाट जगात उभा असलेला माणूस चार रेघांचा. फुगरं नाक, बाहेर आलेले दात, भोळा चेहरा. जग पक्कं आणि माणूस कच्चा, हीच त्यांची शैली. हा विनोद कुठून आला, ते त्यांचं युद्ध कळल्यावर कळतं.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती करून त्यांना पॅसिफिक महासागरातल्या न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलला धाडलं. पहाटेच्या पहाऱ्यावर हे दुर्बिणीतून पोपट बघत राहिले, आणि तेवढ्यात हल्ला होऊन तुकडीतले सोबती मारले गेले. रानावनातून जीव घेऊन तळावर पोचले, तर वरिष्ठांनी विचारलं, सगळे मेले, मग तू जिवंत कसा? पुढे मलेरिया झाला, आणि बाँबहल्ल्यात डावा हात गेला. नंतरची सगळी चित्रं एका हाताची आहेत. युद्धात रानातल्या अंधारात आपल्याला नुरिकाबेनं अडवलं होतं, असं ते सांगत.

१९७३ मध्ये त्यांनी याच बेटावरच्या एका तुकडीची कथा काढली. तिला मरेपर्यंत लढण्याचा हुकूम होतो. तुकडी वीरमरणाला गेली असं वर कळवून झाल्यावर काही जण जिवंत परततात, म्हणून त्यांना पुन्हा मरायला पाठवलं जातं. यातलं नव्वद टक्के खरं आहे, असं मिझुकींनीच लिहून ठेवलंय. लढाई सुरू व्हायच्या आधीच माणसं मरतात, आणि तीही कशी? एकजण घाईघाईनं तोंडात कोंबलेला मासा घशात अडकून, एकाला मगर ओढून नेते. मधल्या काळात सगळे एकमेकांच्या, म्हणजे वरचा खालच्याच्या, कानफटात मारत असतात. हे सगळं त्याच चार रेघांच्या विनोदी चेहऱ्यांनी घडतं. शेवटच्या पानांवर प्रेतं येतात आणि तिथे रेघ बदलते. जिवंतपणी कार्टून असलेले हे शिपाई मेल्यावर पहिल्यांदा झाडांइतके, दगडांइतके तपशिलानं काढलेले दिसतात.

म्हणून म्हणते, भुतांना घाबरावं असं या माणसाला वाटलंच नसणार. भुताला वाट दिली की ते पुढे जातं. हुकूम सोडणारा कॅप्टन वाट देऊन जात नाही.

एक किस्सा राहिला. म्हातारपणी त्यांनी झोपेवर छोटीशी चित्रकथा काढली होती. तरुणपणी ओसामू तेझुका आणि शोतारो इशिनोमोरी हे दोन नामवंत मांगाकार रात्र रात्र जागल्याच्या बढाया मारायचे आणि आपण मात्र दहा तास झोपायचो, अशी. ते दोघे साठाव्या वर्षी गेले. मिझुकी २०१५ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. तोवर साकाइमिनातोच्या रस्त्यावर त्यांच्या योकाईंचे शंभरावर ब्राँझचे पुतळे उभे राहिले होते.

तर सुरुवात नोननोनबापासून करा, युद्धाचं पुस्तक नंतर. दोन्ही इंग्रजीत मिळतात. शोवा काळाचा, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीचा (१९२६ ते १९८९), त्यांचा चित्र-इतिहास जाडजूड आहे, आर्थिक मंदीची आणि मंत्रिमंडळांची पानं वाचताना दम लागतो. पण तो सांगायला त्यांनी कुठला विद्वान बसवला नाही, उंदीरमाणूस बसवलाय. तो मी घरातून बाहेर देत नाही, इथे येऊन वाचा.