खुर्चीवरचं काटेरी बोंड

इंग्लंडमधल्या डर्बीत राहून सहा वर्षं झाली. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासद-कार्ड पर्समध्ये असतं, आसपासचे सगळे जुने वाडे-बंगले पालथे घातलेत. पंधरा-वीस मिनिटांवरचा केडल्स्टन हॉल तेवढा मी टाळत होते. घर कर्झनचं. बंगालची फाळणी करणाऱ्याच्या दारात मी कशाला जाऊ?

परवा पाहुणे आले म्हणून गेले, आणि अडकले कुठे, तर एका खुर्चीपाशी.

रेशमी बैठकीच्या त्या जुन्या खुर्चीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवलं होतं. टीझल म्हणतात त्याला. पाटी नाही, दोरी नाही, शिट्टी फुंकणारा रखवालदार नाही. बोंड दिसलं की समजायचं, इथे टेकायचं नाही. मग मी प्रत्येक दालनात खुर्च्याच बघत सुटले. कुठे बोंड, कुठे पाइनचं फळ. नवरा म्हणाला, "अगं, वर छत बघ, वास्तुकार रॉबर्ट ॲडमचं काम आहे!" बघितलं. दिवाणखान्याआधीच्या मोठ्या दालनातले अलाबास्टरचे वीस खांबही बघितले. भव्य आहेत. पण बोंड ते बोंड.

"आपल्याकडे त्याच बोंडानं कुणीतरी भिंतीवर बदाम कोरला असता," मी म्हणाले, आणि लगेच स्वतःचाच राग आला. आपल्याकडे खुर्च्या राहिल्या कुठे? शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता.

तिथल्या स्वयंसेवक आजींनी मी बराच वेळ उभी आहे हे पाहून बिनबोंडाची खुर्ची पुढे सरकवली. कुठली म्हणून विचारलं. वाई म्हणाले तर तीनदा म्हणवून घेऊन उच्चार पक्का केला. मग त्यांनी सांगितलं, की कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) याच घराच्या नकाशावरून बांधलंय. बांधणारा गव्हर्नर जनरल वेलस्ली, म्हणजे आपल्याला असईच्या लढाईत हरवणाऱ्या वेलस्लीचा थोरला भाऊ. ते बांधून झालं १८०३ साली, असईचंही साल तेच. आणि १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून गेलेला कर्झन तिथे आपल्याच घराच्या नकलेत राहिला. बदली असावी तर अशी!

खालच्या मजल्यावर त्यानं आणलेल्या वस्तू आहेत. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झननं घातलेला मोरपंखी गाउनही आहे. कपडा आपल्या कारागिरांनी जरीनं भरलेला, शिलाई पॅरिसची. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंग्याचा पंख बसवलाय. काचेला नाक लावून बघत राहिले. शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या. वर आठवलं, की आपल्या जुन्या वास्तू जपायचा १९०४ चा कायदाही याच माणसानं केला. अशा वेळी काय करावं कळत नाही.

आमचा वाईचा वाडा आम्ही विकला, हे इथे लिहून टाकते, कारण "तुम्हाला जपता आला नाही" असं ऐकवणारे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात. कर्झन घराण्याचं ब्रीदच आहे, कर्झननं जे धरलं ते कर्झननंच धरून ठेवावं. ठीक आहे. पण त्यांच्यात सगळं थोरल्याला. आमच्यात सात हिस्सेदार, त्यांतल्या दोन आत्यांच्या सह्या तर मीच आग्रहानं घ्यायला लावल्या होत्या, कारण त्यांचाही हक्क होता. शिवाय घरापुढचा देखावा मोकळा हवा म्हणून यांनी अख्खं गाव उठवून पलीकडे नेलं. जुन्या गावाचं चर्च तेवढं घराला चिकटून उभं आहे. आम्ही कुणाला उठवलं? आणि एवढं करून त्यांनाही शेवटी झेपलं नाहीच. १९८७ मध्ये घर ट्रस्टकडे गेलं. आमच्याकडे ट्रस्ट आला नाही, बिल्डर आला.

आता तिथे चार मजली इमारत आहे. माजघर होतं तिथे पार्किंग.

येताना दुकानात स्कोन खाल्ला, कोरडा होता. भावाला बोंडाचा फोटो पाठवला, खाली चांगलं आठ ओळींचं लिहिलं. रात्री त्याचा एका ओळीत उलटा प्रश्न आला: "पार्किंगचे किती घेतात?"

कार्डवाल्यांना फुकट आहे, असं कळवलंय.