जादा पाटा, मागचे ब्रेक आणि नर्मदेकडचा उतार: एका जुन्या पिकअपची नोंदवही

गाडी: २००८ ची डीआय पिकअप, २,५२३ सीसी, इनलाइन पंप, पुढे-मागे कमानपाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. काम रोजचं: पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा, दुपारी सांवेर रोडला खोक्यांचा माल, आठवड्यातून एकदा मानपूरकडून घाट उतरून खलघाट. नोंदी मे ते सप्टेंबरच्या. इंजिनाबद्दल यात कमीच सापडेल. ही इंजिनं तेल-पाणी बघितलं तर चालत राहतात. गाडी म्हातारी होते ती मागून, हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं ॲक्सलचं आवरण) आणि कमानींकडून.

२,१४,३१० किमी, मे

तक्रार अशी: पुढचे पॅड ११,००० किमीत पत्र्याला टेकले आणि मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) मात्र नव्यासारखे. रिकाम्या गाडीत काही जाणवत नाही. भरलेली गाडी ब्रेक दाबला की नाक खाली घालते, आणि उतारावर पुढच्या चाकांतून जळका वास येतो.

अशा तक्रारीवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मास्टर सिलिंडर बदला. त्याआधी गाडीखाली वाकून मागच्या हाउसिंगपासून चासीकडे जाणारी एक सळई बघावी. तिच्या वरच्या टोकाला एलएसपीव्ही असतो, म्हणजे भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. त्याला वजन कळत नाही, चासी आणि हाउसिंग यांच्यातलं अंतर तेवढं कळतं. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी: मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून तो दाब कमी करतो. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली: मग तो पूर्ण दाब मागे जाऊ देतो.

या गाडीत आधी कधीतरी मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातलेला आहे. मंडीत दर तिसऱ्या पिकअपला तो असतोच. त्यामुळे रिकामी गाडी मागून ३५ मिमी उंच बसलेली. कांद्याचं पोतं ५० किलोचं. अशी २० पोती भरली तरी व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी जेमतेम अर्धी भरलेली. मागचे ब्रेक अर्धपोटी आणि सगळं काम पुढच्या डिस्कवर. लायनर 'टिकले' ते याच कारणाने.

२,१४,३९० किमी

आधी सोपा उपाय तपासला. गाडी ३५ मिमी उंचावली असेल तर सळईचं खालचं टोकही ३५ मिमी वर घ्यायचं, हाउसिंगवरच्या ब्रॅकेटखाली तेवढा ठोकळा देऊन. पुष्कळ जण इथेच थांबतात. रिकाम्या गाडीत माप बरोबर येतं, भरलेल्या गाडीत मात्र येत नाही. मूळ कमान पूर्ण भाराखाली ९० मिमी दबायची, जादा पाट्याची कडक कमान ६५ मिमीच दबते. उरलेले २५ मिमी व्हॉल्व्हला कधी दिसतच नाहीत, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो चुकतो. एखाद्याने सळई तार बांधून कायमची 'भरलेली'वर ठेवली तर भर पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी जाते. तो प्रकार तर नकोच.

दोन्ही जादा पाटे काढायचं ठरलं. पाटा वाढवल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. आरसी बुकात लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं. हब, बेअरिंग, टायर, ड्रम, सगळं तेच राहतं. वाढतो तो फक्त गाडी दबलेली न दिसण्याचा दिलासा.

उताराचा हिशेब एकदा कागदावर मांडण्यासारखा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, खलघाटजवळ नर्मदेचा काठ १५० च्या आसपास. माल धरून गाडी २,५०० किलोची असेल तर ४०० मीटर उतरताना सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पावणेचार लिटर गार पाण्याची पूर्ण वाफ होईल इतकी ही उष्णता. काही वाटा हवा आणि टायर घेतात, खालच्या गिअरमध्ये इंजिन घेतं; न्यूट्रलमध्ये उतरलात तर इंजिनाचाही वाटा ब्रेकच्या माथी. याच वाटेवरच्या गणेश घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या येत आल्या आहेत, त्यामागचं मूळ गणित हेच. उतार ज्या गिअरात चढला असता, त्याच गिअरात उतरायचा.

२,१४,४२० किमी: पाटे काढणे

दोन माणसं, पाच तास. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), हाउसिंगखाली वेगळा जॅक. यू-बोल्टना (कमान हाउसिंगला आवळून धरणारे बोल्ट) आदल्या रात्रीच गंजतेल मारून ठेवलं होतं, तरी चारांतले दोन कापावे लागले. त्याचं वाईट वाटून घेऊ नये: यू-बोल्ट एकदा ताणून बसले की पुन्हा वापरायचे नसतात. लोहामंडीत घेताना जाडी, आतली रुंदी आणि पायाची लांबी, तिन्ही मापं नेली. पाटा काढल्यावर जुन्या लांबीचे बोल्ट खाली लोंबतात आणि दगडाला लागतात.

सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांचा गठ्ठा दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्पने आवळला. हे विसरलं तर पाटे उसळतात, बोटं जातात. उघडल्यावर डावीकडचा तिसरा पाटा मधल्या भोकापाशी तडकलेला निघाला. यू-बोल्ट ढिले असले की पाट्याचा मधला भाग वाकायला लागतो आणि सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे भोकापाशी, चीर जाते. तो पाटा बदलला. शॅकलचे (कमानीचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) बुशही बदलले. जुन्यात पिन दोन मिमी हलत होती.

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या खाचेत नीट बसलंय याची हाताने खात्री केली. यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने, चार टप्प्यांत, शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना. शॅकलच्या पिनाही गाडी जमिनीवर आल्यावरच आवळल्या. लटकत्या कमानीत आवळल्या तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि दोन महिन्यांत फाटतात. मग पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं: फरक ३ मिमी. १० मिमीच्या वर असता तर हाउसिंग तिरकं बसलं असं धरून पुन्हा उघडलं असतं.

२,१४,४३० किमी: ड्रम

उजवा ड्रम काढला आणि मागचे ब्रेक न लागण्याचं दुसरं कारण मिळालं. लायनर गिअरतेलाने ओले. तेल अडवणारं सील नवं घालण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) बघितला: माळव्याच्या काळ्या मातीने गच्च. हाउसिंग तापलं की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून तेल ढकलते. नुसतं सील बदललं असतं तर महिनाभरात पुन्हा गळलं असतं. याची उलट बाजूही आहे. तापलेलं हाउसिंग पाण्यात गेलं की आत ओढ बसते आणि सीलमधून पाणी आत जातं. मग तेल ताकासारखं दिसतं. ब्रीदर डिझेलने धुऊन बसवला. याला पाच मिनिटं आणि शून्य रुपये.

तेलात भिजलेले लायनर धुऊन, भाजून वापरायचा सल्ला मिळतो. घेऊ नये, तेल आत मुरलेलं असतं आणि तापलं की वर येतं. दोन्ही बाजूंचे शू (ज्यांवर लायनर बसवलेलं असतं) नवे. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला ओढते. ड्रमचा व्यास दोन आडव्या दिशांनी मोजला, ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या आत होता. ड्रममधली धूळ हवेने फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

२,१४,४३५ किमी: एअर काढणे

ब्रेकच्या लाइनीत शिरलेली हवा काढताना एक चूक सर्रास होते. चासी जॅकवर, मागची चाकं लोंबती, आणि तशाच अवस्थेत एअर काढली जाते. लोंबत्या हाउसिंगमुळे एलएसपीव्ही 'रिकामी' समजून मागची लाइन आवळतो. ऑइल थेंबथेंब येतं आणि हवा आतच राहते. गाडी चाकांवरच ठेवायची, जमलं तर डाल्यात (मागच्या माल भरायच्या भागात) वजन टाकून. क्रम मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात कॅलिपरपाशी ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं, आणि खाली थांबून गार झाल्यावर तेच पेडल पुन्हा कडक लागतं. म्हणून मग 'काही दोष सापडला नाही' असं होतं. या गाडीत आता डॉट ४, दर पावसाळ्यानंतर बदलायचं.

बूस्टरची (पेडलचा जोर वाढवणारा भाग) चाचणी: इंजिन बंद, पेडल पाच वेळा दाबायचं, दाबूनच धरायचं आणि सेल्फ मारायचा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, त्यामुळे इंजिन बंद करून उतरणाऱ्याला दोन-तीन दाबांनंतर बूस्टर मिळत नाही. डिझेल वाचवायची ही युक्ती भलतीच महाग आहे.

२,१४,९५० किमी, जून

५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. आठही नट पाव फेरा फिरले. हे पुन्हा आवळणं टाळलं की मग तो तडकलेला तिसरा पाटा.

पाटे काढल्यावर ६० च्या वेगाला एक थरथर आली, जी आधी नव्हती. मागची उंची बदलली की पिनियनचा (हाउसिंगमधला, शाफ्टला जोडलेला गिअर) कोन बदलतो आणि शाफ्टच्या वाकत्या सांध्यातला जुना क्रॉस, जो एका कोनात घासून बसलेला असतो, नव्या कोनात खडखडतो. क्रॉस बदलला. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली होती. एक दात चुकवून बसवला तर नवा क्रॉसही थरथरेल. ग्रीस चारही कपांतून बाहेर दिसेपर्यंत भरलं. तीन कपांतून येऊन चौथा कोरडा राहिला तर त्या बाजूचा कप ढिला करून पुन्हा पंप मारायचा.

हेडलाइटचा कोनही बदलला. गाडी मागून उंच होती तेव्हा कोणीतरी दिवे वर उचलून ठेवले होते. पाटे काढताच ते समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागले. भिंतीपासून १० मीटरवर, अर्धा माल भरून, डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी खाली आणली. उजेडही मंद होता: बल्बच्या पिनांवर ११.९ व्होल्ट, बॅटरीवर १३.८. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. दोन रिले, २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळ फ्यूज; आता बल्बवर १३.४ मिळतात.

२,१७,२०० किमी, जुलै

पाऊस. काळी माती चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळली की स्टिअरिंग हलतं. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी रिम आतून धुवावी. चासीच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं जाड तारेने मोकळी केली. डाला आणि चासी यांच्यामधल्या लाकडी पट्ट्या स्पंजासारख्या झाल्या होत्या. गंज तिथूनच सुरू होतो. एका बाजूच्या बदलल्या, दुसरी दिवाळीत.

२,१८,६०० किमी, ऑगस्ट

डिपस्टिकवर तेल वाढलेलं. कमी झालं की सगळे बघतात, वाढलं की खूश होतात. वास घेतला: डिझेल. फीड पंपाच्या दांड्याचं सील गेलं की डिझेल झिरपून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तेलाच्या टाकीत) उतरतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंग मार खातात. फीड पंपाचं किट घातलं, तेल-फिल्टर लगेच बदललं. आता देशभर १० पीपीएम सल्फरचं डिझेल मिळतं. जुनी, कडक झालेली रबरं त्यात आक्रसून झिरपू शकतात, म्हणून पंपाचे ओ-रिंग घेताना व्हिटॉनचे मागावेत.

नंतर डिझेलच्या लाइनीतली एअर काढताना फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला, हँड प्रायमर, बुडबुडे थांबले की स्क्रू बंद, मग पंपावरचा. हा क्रम उलटा केला तर हात दुखतात, गाडी चालू होत नाही.

२,१९,४०० किमी, सप्टेंबर

पीयूसी. बीएस-३ आणि त्याआधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ प्रति मीटर. एअर फिल्टर सोयाबीनच्या भुशाने भरलेला, तो बदलल्यावर गाडी १.७ ला आली. पंपाच्या स्क्रूला कोणाला हात लावू दिला नाही.

पुढचे पॅड मोजले: पाटे काढल्यापासून ४,९८० किमीत दीड मिमी झिजले. मागचे लायनरही झिजले, अर्धा मिमी.

बाकी: पुढच्या डाव्या हबमध्ये वर-खाली हलवलं तर किंचित खेळ आहे. बेअरिंग उघडून ग्रीस बदलायचं, चाक फिरवत नट आवळून पुन्हा सैल करायचा, नवी स्प्लिट पिन. आणि त्या दुसऱ्या बाजूच्या लाकडी पट्ट्या.