वॉटर्लूच्या फ्रेंचांना निळा रंग कमीच लागतो

टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी रंगवायच्या २८ मिमीच्या फ्रेंच पायदळाच्या मूर्तींचा डबा उघडला की हात आपसूक निळ्या बाटलीकडे जातो. लढाई वॉटर्लूची असेल तर जरा थांबा. १७ जून १८१५ च्या दुपारपासून रात्रभर पाऊस कोसळत होता. दुसऱ्या दिवशी बरेचसे शिपाई अंगात ओव्हरकोट आणि टोपीवर काळं मेणकापड अशाच अवतारात लढले. म्हणून ओव्हरकोटवाल्या मूर्ती घ्या. आतल्या गणवेशाचे पांढरे लॅपेल (कोटाच्या छातीवर उलटलेली घडी) आणि लाल किनारींची कटकट वाचते, ते वेगळंच.

फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या. वॉटर्लूला एका बटालियनमध्ये साधारण पाचशे माणसं उभी होती, तेव्हा एका मूर्तीमागे वीस धरले की २४ मूर्ती पुरतात. ४० × ४० मिमीच्या एका बेसवर (मूर्ती चिकटवायच्या तळपट्टीवर) चार, असे सहा बेस. एक बेस म्हणजे एक कंपनी. ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई) उजव्या टोकाला, व्होल्टिजर (चपळ, पुढे पसरून लढणारे) डाव्या. मधल्या चार कंपन्या टोपीवरच्या गोंड्याने ओळखायच्या: हिरवा, आकाशी, नारिंगी, जांभळा. जेमतेम दीड मिमीचा ठिपका, पण टेबलावरून नजर तिथेच जाते. आणि गरुड, म्हणजे निशाणाच्या काठीवरचा धातूचा गरुड, अनेक बटालियनच्या रेजिमेंटला एकच, तोही पहिल्या बटालियनकडे. प्रत्येक बटालियनला गरुड देणारे भेटतात. दिसतो झकास, पण चूक ती चूकच.

ओव्हरकोट एका छापाचे नकोत. दहा करडे, आठ बेज, सहा तपकिरी, आणि एका बेसवर चौघे सारखे येणार नाहीत एवढं बघा. छातीवरच्या पट्ट्यांना थेट पांढरा लावू नका. बेजवर तो तीन हातांशिवाय झाकत नाही आणि तोवर पट्टा सुजल्यासारखा दिसतो. आधी फिकट राखाडी, मग कडेला केसभर राखाडी सोडून मधे पांढरा.

शेवटी तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. तो कोटाच्या घड्यांत आणि हनुवटीखाली साचतो. ओला असतानाच ओलसर ब्रशने टिपून घ्या. अर्धवट वाळल्यावर ब्रश लावलात तर चहाच्या कपासारखं वर्तुळ उठतं, आणि ते झाकायला मूळ रंग पुन्हा लावावा लागतो.

पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात स्प्रे कॅनचं मॅट वार्निश मारू नका. हवेतली वाफ त्यात अडकते आणि अख्खी बटालियन दुधाळ होते. झालीच, तर ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक हात द्या. बहुतेक वेळा रंग परत दिसू लागतात. मग ब्रशनेच मॅट.

बेसला २ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) घेतलं तर एका बाजूचा फेविकॉल आणि वाळू सुकताना ते वाकतं. खालच्या बाजूलाही गोंदाचा पातळ हात द्या, किंवा सरळ ३ मिमी घ्या. वॉटर्लूच्या शेतात राय (गव्हासारखं धान्य) उभी होती, त्यामुळे हिरवळीपेक्षा तुडवलेले पिवळट धांडे हवेत: जुन्या ब्रशचे केस कापून आडवे चिकटवा. आणि चिखल गुडघ्यापर्यंत, फाटक्या स्पंजने थापायचा. ब्रशने लावला की पायमोजे घातल्यासारखा दिसतो.