ओटा फुटला, आता मापं द्या

शनिवार, 1 नोव्हेंबर 2025

स्वयंपाकघर नव्याने करतोय. त्यातल्या यंत्रांसाठी 70 हजार. त्यावर एक रुपया नाही. फरशी, ग्रॅनाइट, प्लंबिंग आणि ट्रॉल्यांचा हिशेब वेगळ्या वहीत आहे आणि ती वही मी रात्री उघडत नाही, झोप जाते.

जुना कडाप्प्याचा ओटा काल फोडला. तुळशीचं लग्न उद्यावर आलेलं असताना घरात हा धुरळा, म्हणून आई (म्हणजे सासूबाई) जरा नाराज आहेत. पण गवंडी आत्ता मोकळा होता, पुढच्या महिन्यात मिळाला नसता. हॉलमध्ये टीपॉयवर शेगडी, तिच्याशेजारी मसाल्याचा डबा, असा संसार मांडलाय.

मला वाटत होतं की आधी स्वयंपाकघर बांधून घ्यायचं आणि मग निवांत दुकानं फिरायची. सुताराने आज सकाळीच तो बेत मोडला. त्याला फ्रिजची रुंदी हवी, मायक्रोवेव्हची खोली हवी, चिमणी 60 की 90 सेंटिमीटर ते हवं. मापं मिळाल्याशिवाय तो प्लायला करवत लावणार नाही. बरोबरच आहे त्याचं. म्हणजे खरेदी नंतर झाली तरी चालेल, पण ठरवायचं आठवड्याभरात.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

आज इलेक्ट्रिशियन. आमची इमारत नव्वदच्या दशकातली, तेव्हा स्वयंपाकघरात एक 15 अँपिअरचा पॉइंट म्हणजे चैन होती. फ्रिज, मिक्सर आणि घरघंटी आजवर एकाच कोपऱ्यातून चालत होती. घरघंटी एक हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण 750 वॉट. मिक्सर तेवढाच. इंडक्शन लावलं तर 2000 वॉट. त्यात मायक्रोवेव्हची भर. एका वायरवर हे सगळं टाकून वर मल्टीप्लग लावायचा, ही पद्धत आमच्या घरात तरी आजपासून बंद.

त्याने विचारलं, "वहिनी, काय काय घेणार आहात ते सांगा, तेवढेच पॉइंट काढतो."

मी म्हटलं, "घेणार नाही त्याचेही काढा."

तो हसला, पण मी गंभीर होते. भिंत आत्ता उघडी आहे. आज एक जादा 16 अँपिअरचा पॉइंट, त्याला 4 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणि बोर्डात स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका), हे सगळं दीड-दोन हजारांत होतं. तीन वर्षांनी तेच करायचं तर टाइल फोडा, खाच पाडा, पुन्हा टाइल शोधा (ती डिझाइन तोवर बंद झालेली असते), रंग लावा. यंत्राची किंमत पुढेमागे उतरेलही, गवंड्याची मजुरी उतरलेली मी अजून पाहिलेली नाही. म्हणून ठरवलं: सिंकच्या शेजारच्या कप्प्यात डिशवॉशरसाठी पॉइंट, पाण्याचा एक जादा कॉक आणि सांडपाण्याच्या पाइपाला एक जादा तोंड. तीनही आत्ताच. डिशवॉशर नाही.

नवऱ्याचं म्हणणं, मग घेऊनच टाकू की. त्याला सत्तर हजारांची वही दाखवली.

शनिवार, 8 नोव्हेंबर

फ्रिज. आजचा अख्खा दिवस त्यात गेला आणि डोकं अजून दुखतंय.

दिवाळी होऊन गेली तरी दुकानातल्या पताका उतरल्या नव्हत्या. आत शिरताच विक्रेता मुलगा म्हणाला, "मॅडम, जीएसटी कमी झालाय, लगेच घ्या." मी पतपेढीत कर्जविभागात बसते, आकड्यांची सवय आहे. 22 सप्टेंबरपासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले ते एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर. फ्रिजवर जुलै 2018 पासून 18 टक्केच आहे. मिक्सरवरही तेच. म्हणजे फ्रिजवर लावलेली ती पाटी खोटी नसेल कदाचित, पण फ्रिजसाठी नक्कीच नव्हती. मी एवढंच विचारलं, "यावर आधी किती होता?" त्यावर त्याने विषय बदलून फ्रिजचं दार उघडून दाखवलं.

आमचा जुना एकदारी 165 लिटरचा. त्यात बर्फाचा डोंगर व्हायचा, दर पंधरवड्याला बटण दाबून वितळवायचा आणि खाली फडकी पसरायची. आता दोनदारी, फ्रॉस्ट-फ्री, 240 ते 260 लिटर, इतकं नक्की होतं. चार माणसांना तेवढा पुरतो. आम्ही भाजी आठवड्याची आणतो, महिन्याची नाही.

मग ताऱ्यांचा प्रश्न. सगळे तारे मोजतात. मी स्टिकरवरचा मोठा आकडा वाचते, कारण वर्षाला किती युनिट लागतील ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाच्या लेबलावरचे चार तारे आणि नव्या वर्षाचे चार तारे यांची बरोबरी होत नाही. गोदामात पडून राहिलेला माल असेल तर हे बघावंच लागतं. युनिटचा आकडा मात्र पळवाट ठेवत नाही.

मला आवडलेल्या दोन फ्रिजांत वर्षाला 50 युनिटांचा फरक होता. बिलातल्या वरच्या टप्प्याचं युनिट 12 रुपयांना धरलं तर 600 रुपये. किमतीतला फरक 3,500. म्हणजे सहा वर्षांत वसूल, आणि फ्रिज त्याहून बराच जास्त टिकतो. घेतला, जास्त ताऱ्यांचा. पण त्याच्या शेजारी आणखी एक होता: फ्रीजरचा फ्रिज होतो, मोबाइलवरून तापमान बदलतं, नऊ हजार जास्त. फ्रिजचं तापमान बदलायला मी ऑफिसातून फोन का लावू, हे मला कुणी समजावू शकलं नाही.

हाच हिशेब मायक्रोवेव्हला लावायचा नाही. फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून पन्नास युनिटांनाही किंमत आहे. मायक्रोवेव्ह आमच्याकडे दिवसाला दहा मिनिटं, दूध आणि कालची आमटी. त्यातल्या विजेची बचत शोधत बसणं म्हणजे हौस. साधा 20 लिटरचा सोलो (नुसता गरम करणारा), 6,200. केक आम्ही बेकरीतून आणतो आणि तसाच आणत राहू.

शेवटी पैसे देताना "नो कॉस्ट ईएमआय". हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर. व्याज शून्य नसतं. बँक व्याज लावतेच, तेवढ्याच रकमेची सूट दुकान किंवा कंपनी किमतीत देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. वर प्रोसेसिंग फी, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजावर 18 टक्के जीएसटी, ते आपले. मी काउंटरवर म्हटलं, "ही सूट हप्तेवाल्याला देता, ती मला रोखीत द्या." मॅनेजर आत गेला, बाहेर आला, फ्रिजवर 1,200 रुपये कमी केले. न मागता कुणी दिले नसते. फ्रिज 27,300 ला पडला.

रविवार, 9 नोव्हेंबर

जिन्यातून फ्रिज चढतो का ते आज दोरी लावून मोजलं. चढतो. मागे भिंतीपासून हवा खेळायला चार बोटं नव्हे, चांगली वीतभर जागा ठेवायची असं आईंचं मत, आणि लावायला येणाऱ्याने सांगितलेलं मापही जवळपास तेवढंच निघालं. सुताराला कळवलं.

बुधवार, 12 नोव्हेंबर

चिमणी आणि शेगडी. घरात यावरून दोन पक्ष.

नवऱ्याला काचेचा बिल्ट-इन हॉब हवा होता, ग्रॅनाइटमध्ये बसवलेला. दिसतो सुंदर, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी दगडात भोक पाडावं लागतं आणि प्रत्येक कंपनीच्या हॉबचं माप निराळं. पुढे हॉब बिघडला तर त्या भोकात बसणारा दुसरा शोधत फिरायचं, नाहीतर ग्रॅनाइट बदलायचं. ओट्यावर ठेवायची शेगडी बिघडली तर उचलून नेता येते. शिवाय आमच्याकडे भाकरी रोजची. तवा उतरवून ती थेट जाळावर फुगवायची, तर पीठ आणि राख बर्नरभोवती पडणारच, आणि उचलून खालून पुसता येईल अशीच शेगडी बरी. 26 तारखेला चंपाषष्ठी आहे, त्या दिवशी भरताची वांगी भाजायची, त्याचं पाणी ठिबकून काय होतं हे ज्याने पुसलंय त्यालाच ठाऊक. सगळं इंडक्शनवर करा म्हणणाऱ्या धाकट्या नणंदेला मी याच कारणाने गप्प केलं. वांगं इंडक्शनवर भाजून दाखव म्हटलं.

स्टीलची, तीन बर्नरची, एक बर्नर मोठा. 5,400. पाइपच्या गॅसचा दाब सिलिंडरपेक्षा कमी असतो, त्यामुळे दुकानातून येणाऱ्या शेगडीचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात, नाहीतर ज्योत मरतुकडी राहते. ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं.

चिमणी मी टाळणार होते. खिडकीत एक्झॉस्ट पंखा दोन हजारांत बसतो. पण आईंना दमा आहे, आणि मिरचीची फोडणी पडली की त्यांना हॉलमधून गॅलरीत जावं लागतं. त्यामुळे इथे काटकसर नाही.

विक्रेते एकच आकडा ओरडतात, तासाला किती हवा ओढते त्याचा: 1,200 घनमीटर, 1,400 घनमीटर. माझं स्वयंपाकघर 10 बाय 8 फूट, उंची साडेनऊ. म्हणजे 760 घनफूट, साधारण साडेएकवीस घनमीटर. 1,200 ची चिमणी कागदावर तासाला 55 वेळा या खोलीची हवा बदलेल. मग 1,400 कशाला? खरा घोळ पाइपात होतो. पाइप लांब असला, त्याला दोन-तीन वळणं असली की ओढ कमी होत जाते, मोटर कितीही ताकदीची असो. म्हणून मोठ्या मोटरचे जादा पैसे न देता भोक कुठे पाडायचं यावर तासभर घातला. चिमणीच्या बरोबर मागची भिंत बाहेरची आहे, एकाच वळणात पाइप बाहेर. सहा इंची भोक गवंड्याने आजच पाडलं. पाइप नसलेली, कोळशाचा फिल्टर लावलेली चिमणी शेजाऱ्यांकडे आहे. ती वास थोडा खाते, पण उष्णता आणि वाफ आतच राहते.

ऑटो-क्लीन नको म्हटलं. ते तापवून तेल वितळवतं आणि एका वाटीत जमा करतं, ती वाटी पुसायची असतेच. स्टीलचा बॅफल (वाकड्या पट्ट्यांचा) फिल्टर महिन्यातून एकदा उकळत्या पाण्यात सोडा घालून बुडवला की निघतो. 60 सेंटिमीटर, बॅफल, 10,900. शेगडीपासून दोन-सव्वादोन फूट वर बसेल.

शनिवार, 15 नोव्हेंबर

पाण्याचं यंत्र. घरी डेमो द्यायला आलेल्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन तारा बुडवल्या, पाणी पिवळं-काळं झालं, आई घाबरल्या. ती करामत इलेक्ट्रॉलिसिसची. पाण्यात क्षार असले की तारेचं लोखंड गंजून तसा रंग येतो, आणि क्षार तर चांगल्या पाण्यातही असतात. मी त्याच्याच पिशवीतला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मागितला. आकडा दोनशेच्या बराच आत. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे 500 पर्यंत चालतं. आमचं पाणी पुण्याच्या खडकवासला धरणाचं. 500 च्या आत असेल तिथे आरओ (पाण्यातले क्षारही काढणारं यंत्र) वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सरकारला सांगितलं होतं. आरओमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सहज वाया जातं, आणि उन्हाळ्यात दिवसाआड पाणी आलं की ते कुणाच्या डोळ्यांना बघवणार? यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) आणि यूएफवाला (अगदी बारीक छिद्रांतून गाळणारा) घेतला, 7,800.

टँकर किंवा बोअरवर असलेल्यांचं वेगळं. माझ्या बहिणीच्या सोसायटीत मीटर हजाराच्या वर जातो, तिला आरओशिवाय इलाज नाही.

बुधवार, 19 नोव्हेंबर

आतापर्यंत 57,600. मिक्सर राहिला होता.

आईंनी नव्या मिक्सरला विरोध केला. त्यांचा पहिला मिक्सर सुमीत होता आणि त्यानंतरचा कुठलाही त्यांना मनापासून पटलेला नाही. सत्यप्रकाश माथुर यांनी 1960 च्या दशकात तो बनवला, तोच मुळी परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकत नव्हते म्हणून. सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा आणि वरून आलं-लसूण: मोटरची परीक्षा तिथे होते. आत्ताचा आमचा 750 वॉटचा आहे, आवाज करतो, पण मोटर ठणठणीत. झिजलं होतं ते भांड्याचं पातं आणि खालचा रबरी कपलर. तपकीर गल्लीत पॉइंटची बटणं घ्यायला गेले तेव्हा दोन्ही घेऊन आले, 540 रुपये. पाच हजार वाचले. मिक्सरच्या तळाला लिहिलंय, पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा. हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

मावशींनी आज सिंकशेजारचा रिकामा कप्पा पाहिला. "वहिनी, इथं काय येणार?" डिशवॉशर, पण आत्ता नाही, असं सांगितलं. त्यांना ते यंत्र माहीत होतं, वरच्या मजल्यावर आहे. "ते ताटं-वाट्या घासतंय. कढई न् करपलेला कुकर माझ्याकडंच ठेवत्यात. त्याचं काय ते आधीच ठरवून घ्या." रास्त मुद्दा. वर्षभराने त्यांच्याशी बोलून, पगार न कापता, काय ते ठरवू. तोवर त्या कप्प्यात कांदे-बटाट्याच्या दोन टोपल्या बसतील, सुताराला सरकत्या जाळ्या करायला सांगितल्या आहेत. सुट्या, स्क्रूवर निघणाऱ्या.

जुना फ्रिज दुकानवाला 1,500 ला घेणार होता, भंगारवाला 1,300 म्हणाला. चालू फ्रिज ड्राय बाल्कनीत ठेवू, लोणची-पापडाला होईल, असा नवऱ्याचा बूट होता. म्हणजे पन्नास युनिटं वाचवायला मी साडेतीन हजार मोजले आणि हा दुसरं यंत्र चोवीस तास चालू ठेवणार. दुकानवाल्याला दिला.

11,860 शिल्लक. लेकीला एअर फ्रायर हवाय, आईंना घरघंटीचा दगड टाकवून घ्यायचाय. दगड आधी. बाकीचे पैसे बँकेत राहू देत, कारण प्लंबरचं बिल अजून आलेलं नाही आणि त्याने आज फोनवर "थोडं वाढलंय" असं म्हटलंय.

उद्या सकाळी चिमणीवाला भोकाची उंची तपासायला येणार आहे. 27 तारखेला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, तोवर निदान शेगडी ओट्यावर चढली पाहिजे.